हुंगेमामांची परदेशातली पहिली केस

हुंगेमामांनी परदेशात पाऊल ठेवायच्या आधीच दारावरची पाटी बदलून घेतली: 'हुंगेमामा, आंतरराष्ट्रीय गुप्तहेर'. रंग वाळतो न वाळतो, तोच शेजारच्या झाडावरचा कावळा खाली उतरला आणि मान वाकडी करून पाटी वाचू लागला.

"आंतरराष्ट्रीय? मग परदेशात किती चोर पकडलेत, मामा?"

"जाऊन येतो, मग सांगतो," मामा म्हणाले. पण बोलणं त्यांना झोंबलं. रिकाम्या हाताने परतलो तर हा कावळा जन्मभर डोकं उठवणार, हे त्यांना ठाऊक होतं.

मामा जातीचे कुत्रे. सगळी मदार नाकावर. मदतीला मानलेली भाची, म्हणजे मांजर. कुत्र्याची भाची मांजर कशी, असले प्रश्न विचारू नयेत. नाती मानण्यावर असतात.

बोटीवर मामा सगळा प्रवास वाऱ्याला नाक लावून उभे. "परदेशाचा वास आधीच ओळखीचा करून ठेवतो," म्हणाले. भाचीने मफलर पुढे केला, तोही घेतला नाही. किनारा लागला तेव्हा नाक इतकं चोंदलं होतं, की शेजारी मासळीबाजार भरला असता तरी पत्ता लागला नसता. वर हुडहुडी भरली ती वेगळीच.

दोघं उतरले बदककाकूंच्या पाहुणेघरात. तिथली पद्धत अशी, की दमून आलेल्या पाहुण्यासाठी शेगडीशेजारच्या फळीवर गरम पाण्याची पिशवी लोकरीत गुंडाळून ठेवलेली असे. मामा कुडकुडत स्वयंपाकघरात शिरले, फळीवरचं ऊबदार गाठोडं उचललं आणि ओव्हरकोटात छातीशी घेतलं.

"याला म्हणतात पाहुणचार," ते सुस्कारा सोडून म्हणाले.

दोघांचा चहा अजून संपलाही नव्हता, तेवढ्यात बदककाकू रडत बाहेर आल्या.

"अहो, माझं अंडं गेलं हो! जरा आंघोळीला काय गेले, कुणीतरी उचलून नेलं. आज-उद्यात पिल्लू बाहेर यायचं होतं. संध्याकाळपर्यंत ऊब मिळाली नाही तर..."

मामांचं काळीज हललं. खोटं कशाला बोला, मनातून थोडा आनंदही झाला. परदेशातली पहिली केस, तीही चहाच्या टेबलावर चालून आलेली.

"काकू, डोळे पुसा. अंडं मी आणून देतो," म्हणत त्यांनी ओव्हरकोटाची वरची बटणं लावली आणि कामाला लागले.

मग काय विचारता! उशा फाडल्या, गाद्या उलट्या केल्या, न्हाणीघरातलं पाणी उपसलं. पोस्टमन पेलिकन पत्रं द्यायला आला, तर त्याला चोचीखालची झोळी उघडायला लावली. आतून दोन पोस्टकार्डं आणि त्याचा डबा निघाला. पोस्टमन रागारागाने निघून गेला.

शेवटी मामांची नजर आचाऱ्यावर पडली. आचारी होता कोल्हा, आणि त्याच्या एप्रनला चक्क पीस चिकटलेलं!

"कोल्हा, पीस आणि अंडं. आता काही बोलायचं शिल्लक आहे?"

"अहो, पीस तुम्हीच फाडलेल्या उशीचं आहे," कोल्हा म्हणाला. मग त्याने काकूंकडे पाहिलं. "काकू, तुमच्या थोरल्या पिल्लांना तळ्यावर न्यायचो मी. तुम्हालाही तसंच वाटतं का?"

काकूंनी मान खाली घातली. कोल्ह्याने एप्रन सोडला, घडी घालून टेबलावर ठेवला.

भाची मात्र केव्हाची मामांच्या कोटाकडे बघत होती. मगाशी बाहेर अंगणात शोधताना तिचे पंजे गारठले, तेव्हा मामांनी मायेने तिला कोटाआड घेतलं होतं.

"मामा, तुमची पिशवी अजून गरमच आहे?"

"तर! परदेशी माल आहे. आल्यापासून तशीच्या तशी."

"पण गरम पाणी घटकाभरात गार होतं, मामा."

मामांनी कोटावरून पंजा फिरवला. तेवढ्यात त्यांच्या छातीपाशी टकटक झाली. मामांनी एकेक बटण काढलं, लोकर बाजूला सारली. अंड्याला तडा गेला होता. तडा वाढला, ओली चोच बाहेर आली, मग पिवळं डोकं. पिल्लाने डोळे उघडले आणि मामांच्या चोंदलेल्या नाकाला चोच लावली.

बदककाकू हसत-रडत धावल्या. "इतकी ऊब तर मीसुद्धा दिली नसती हो, मामा!" मग त्यांनी टेबलावरचा एप्रन उचलला, स्वतःच्या हाताने कोल्ह्याला बांधला आणि म्हणाल्या, "चुकले मी." त्याने डोळे पुसले आणि सगळ्यांसाठी सूप चढवलं. मामांनीही त्याची माफी मागितली आणि राहिलेले सगळे दिवस उशा शिवल्या. निघताना अख्खं पाहुणेघर धक्क्यावर आलं होतं. पिल्लाला मामांपासून सोडवता सोडवता काकूंच्या नाकी नऊ आले.

घरी पाटीखाली कावळा वाटच बघत होता.

"काय मामा, पकडलात का एखादा?"

"पकडला," मामा छाती काढून म्हणाले. "मुद्देमालासकट. अख्ख्या पाहुणेघरासमोर."

कावळ्याची चोच उघडीच राहिली. "आणि मग? तिथल्या पोलिसांच्या ताब्यात दिलात?"

"नाही हो," भाची सामान आत नेता नेता म्हणाली, "बरोबरच परत घेऊन आलेय."