बिनहाडाच्या बरगड्यांची मोहीम

जो भुकेल्यास अन्न देतो, आणि ज्याचे अन्न हातून बिघडले त्यास ते सुधारावयास थोडा अवकाशही देतो, त्या परमेश्वरास नमन असो. शके १९४५, शोभननाम संवत्सर, कार्तिक वद्य षष्ठी, ते दिवशी एका राज्यावर मोठा आघात जाहला, त्याची आणि पुढील एका वर्षाची हकीकत येणेप्रमाणे. राज्याचे नाव लिहीत नाही. राज्य म्हणजे चर्चमागील आळीत दोन खोल्या, एक मोरी, एक स्वयंपाकघर आणि परसात केळीचे चार खुंट. राजे बस्त्याव यांनी एकतीस वर्षे गावच्या नळाची चावी फिरवली, कोणत्या आळीस केव्हा आणि किती पाणी सोडावे हे त्यांचे हाती होते, परंतु घरी स्वयंपाकघराचा कारभार सगळा राणी इशाबेल यांचा, आणि राजे त्या मुलखात जेवावयास जात, आणि रविवारी मांसास हळद-मीठ चोळावयास राणीसाहेब हाक मारीत तेव्हा जात, एरवी नाही. त्या दिवशी राजे थर्मासात पेज घेऊन इस्पितळाचा जिना चढत होते, राणीसाहेबांस तीन दिवस अन्न गेले नव्हते, पेज तरी जाईल म्हणोन शेजारणीकडून करवून घेतली होती, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कन्या रेजिना खाली उतरताना भेटल्या, आणि थर्मासाकडे पाहून म्हणाल्या, "बाबा, पेज नको आता." येणेप्रमाणे राजांस कळले. मग राजे पायरीवर बसले, आणि थर्मास दोन्ही हातांत धरून बराच वेळ बसले, आणि आतली पेज गरम होती.

पुढे दहा महिने राज्याचा कारभार चहा आणि पाव यांवर चालला. आठवड्यास एकदा राणीसाहेबांच्या धाकट्या भगिनी कातरीनबाई, ज्या दोन आळ्या सोडून राहतात, त्या डबा धाडीत, तो राजे दोन दिवस पुरवीत. रेजिनाबाई सात तासांच्या वाटेवर परमुलखी नांदत, त्या ऑक्टोबरात अचानक आल्या आणि उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "बाबा, पँट सुतळीनं बांधलीय?" राजे म्हणाले, "पट्टा तुटला." "पट्टा खुंटीला आहे. धड आहे. तुम्हालाच तो मोठा होतोय. खाता काय तुम्ही?" "खातो की." "काय?" "पाव." "आणि?" "चहा." "आणि?" "कधी पाव आधी, कधी चहा आधी." यावर रेजिनाबाई हसल्या नाहीत. मग त्यांनी तहाची कलमे सांगितली ती अशी की, बाबांनी हे घर बंद करून माझ्याकडे यावे, तेथे नातवंडे आहेत, डॉक्टर खाली आहे, लिफ्ट आहे. राजे म्हणाले, "लिफ्टनं कुठं जाऊ मी?" असे म्हणण्याचे कारण असे की, राणीसाहेबांची कबर घरापासून दीडशे पावलांवर आहे, आणि राजे रोज संध्याकाळी तेथे जाऊन उभे राहत, दिवसभरात नळास पाणी आले की नाही एवढे सांगत आणि परत येत. सात तासांच्या वाटेवरून हे होणे नव्हते. रेजिनाबाईंनी ते ओळखले आणि शेवटचे कलम घातले. "चर्चमध्ये आईच्या वर्षाची मिस्सा होईल, तिला मी येईन. त्या दिवशी दुपारचं जेवण तुम्ही स्वतः रांधून मला वाढायचं. डबा नाही, मावशी नाही. वाढलंत तर राहा इथं, मी पुन्हा विषय काढणार नाही. नाहीतर बॅग भरायची." राजे म्हणाले, "कबूल." आणि तेवढ्यावर थांबते तर बरे होते, परंतु राजांस राग आला होता, म्हणोन पुढे बोलून गेले, "तुझ्या आईचं चायनीज पोर्क वाढतो तुला. त्या बिनहाडाच्या बरगड्या." "ते? बाबा, वरण-भातानं सुरुवात करा." "बोललो ते बोललो."

आता हे पक्वान्न या राज्यात कैसे आले ते सांगतो. राणीसाहेब लग्नाआधी शहरात एका चिनी दंतवैद्याच्या घरी मुले सांभाळीत, त्या घरची म्हातारी नाताळास हे मांस करी, आणि राणीसाहेबांनी ते तिचे शेजारी उभे राहून शिकून घेतले, आणि पुढे तीस वर्षे दर सणास केले. मध आणि सोया सॉस यांचे पुट चढलेल्या तांबड्या चकचकीत पट्ट्या, बाहेरून चिकट आणि आतून मऊ, त्या ताटात पडल्या की घरात कोणी बोलत नसे. राजांनी राणीसाहेबांची पाककृतींची वही काढली आणि पान शोधले. पानावर लिहिले होते, "चायनीज पोर्क. नेहमीप्रमाणे." खाली काही नाही. राजांनी ते पान उलटून पाहिले, मग चष्मा पुसून पुन्हा पाहिले, आणि मग वही घेऊन कातरीनबाईंकडे गेले. त्यांनी वाचले आणि कपाळास हात लावला. म्हणाल्या, "आमच्या थोरल्या बाईचं हे असंच. भावजी, मी सांगते ते लिहून घ्या. पण मी रांधायला येणार नाही, रेजीला शब्द दिलाय." आणि त्यांनी सांगितले की, आले-लसूण वाटून घ्या, सोया सॉस अर्धी वाटी, व्हिनेगर दोन चमचे, मध मोकळ्या हाताने, चक्रीफूल, दालचिनी, लवंग, मिरी आणि बडीशेप भाजून त्यांची पूड, आणि लाल रंग चिमूटभर, हे सर्व मांसास लावून रात्रभर मुरवा, सकाळी मंद आचेवर शिजवा, आणि शेवटी मध लावून परतत राहा. हे सर्व सांगितले. जे सगळ्यांस ठाऊक असते असे त्यांस वाटले, तेवढे सांगितले नाही.

मग राजांनी महिनाभर भात आणि वरण यांवर हात बसवला, आणि मिस्सेच्या आदल्या दिवशी सकाळीच पास्कू खाटकाच्या दुकानी गेले, आणि म्हणाले, "एक किलो बरगड्या दे. हाड काढून." पास्कूने सुरी खाली ठेवली. "बाबा, बरगडीतून हाड काढलं तर तुम्हाला देऊ काय? फडक्यात वारा बांधून देऊ?" दुकानातले दोघेतिघे हसले. राजे म्हणाले, "इशाबेल न्यायची ती कुठली मग?" तेव्हा पास्कूचे हसणे थांबले आणि तो म्हणाला, "बाई खांद्याचं मांस न्यायच्या. उभं कापून घ्यायच्या, बोटभर जाड, वीतभर लांब, एका कडेला चरबी ठेवून. मी पहिल्यांदा चौकोनी तुकडे केले तर त्यांनी परत केले होते. बसा तुम्ही, मला माप माहीत आहे." आणि त्याने न विचारता तैशा पट्ट्या कापून दिल्या. राजे त्या पट्ट्या घेऊन घरी आले, आणि वाटेत प्रथमच त्यांस वाटले की हे जमेल.

आता चूक जाहली ती लिहितो. त्या मुलखी मांस घरात आले की आधी हळद-मीठ, मग बाकीचे सर्व, ही रीत राजांच्या आईची, तिच्या आईची, आणि स्वयंपाकातले हे एकच काम राजांस उत्तम येत असे. तेव्हा राजांनी दुपारी चार वाजता परातीत पट्ट्या घेतल्या, आणि सवयीने मूठभर मीठ आणि हळद घेऊन प्रत्येक पट्टीस प्रेमाने चोळली, आणि मग त्यावर अर्धी वाटी सोया सॉस ओतला, आणि आले-लसूण, मसाला, मध, आणि डबीतला लाल रंग होता तेवढा सगळा घातला, आणि झाकून फ्रीजमध्ये ठेवून समाधानाने कबरीवर जाऊन आले. सोया सॉस हा स्वतःच खारट असतो, हे राजांनी त्याची बाटली तीस वर्षे पाहूनही कधी चाखले नव्हते.

दुसरे दिवशी सकाळी सात वाजता मिस्सा झाली, मग सर्वांनी कबरीवर मेणबत्त्या लावल्या, आणि रेजिनाबाई न्याहारीस मावशीकडे गेल्या, साडेबारास येते म्हणाल्या. राजे घरी आले, एक लहान तुकडा तव्यावर टाकून चाखला, आणि मोरीत जाऊन थुंकले. साडेनऊ वाजले होते. राजे स्टुलावर बसले, आणि त्यांचे डोळ्यांपुढे बॅग आली, लिफ्ट आली, आणि दीडशे पावलांची वाट दिसली. मग त्यांस आठवले की, चायनीजच्या दिवशी इशाबेलने मीठ चोळावयास मला कधीच हाक मारली नव्हती. एकदाही नाही. आणि तेव्हा चूक काय ती त्यांस उमगली, आणि त्यांनी कातरीनबाईंस फोन लावला. "कातरीन, खारट झालंय." "किती?" "समुद्र." "मीठ लावलंत?" "हळद-मीठ. मांसाला आधी लावतातच." पलीकडे रेजिनाबाई कातरीनबाईंच्या शेजारीच चहा पीत होत्या. मग कातरीनबाई मोठ्याने म्हणाल्या, "अगं सूनबाई, रडतेस कशाला? तीन पाण्यांतून काढ." राजे म्हणाले, "मी बस्त्याव बोलतोय." "माहीत आहे मला, सूनबाई. आधी गार पाण्यात खळबळून घे. मग नव्या पाण्यात उकळी आण आणि ते पाणी ओतून दे. तिसऱ्या पाण्यात मऊ होईपर्यंत राहू दे. आणि नंतर नवीन काही खारट लावू नकोस, समजलं? काळी बाटली कपाटात ठेवून दे." आणि फोन ठेवला.

पाणी म्हटल्यावर राजांस धीर आला, कारण पाण्याचे काम त्यांचे होते. त्यांनी पट्ट्या धुतल्या, लाल रंग मोरीतून वाहून गेला तो पाहिला, आणि मोठ्या पातेल्यात उकळी आणून ते दुसरे पाणीही ओतून दिले, तिसरे पाणी घातले त्यात आल्याचा तुकडा टाकला, आणि आच मंद करून पाऊण तास झाकले. मधून मधून सुरीचे टोक लावून पाहिले. मग कढईत नवा लसूण, व्हिनेगर, मसाल्याची उरलेली पूड आणि बाटलीतला राहिलेला सगळा मध घातला, आणि पट्ट्या त्यात सोडल्या. मध लवकर करपतो, आणि गॅसचे बटण राजांनी असे फिरवले, जैसे जुन्या पाइपावर चावी फिरवीत, पाव फेऱ्याहूनही कमी, आणि कान देऊन. एकेक पट्टी उलटली, पुन्हा उलटली, हात दुखला तरी सोडले नाही, आणि बारा वाजून दहा मिनिटांनी पट्ट्यांवर चकाकी धरली. फक्त रंग तांबडा नव्हता. हळद काही केल्या गेली नव्हती, आणि पट्ट्या पिवळ्या-तपकिरी दिसत होत्या.

साडेबारास रेजिनाबाई आल्या, हात धुऊन बसल्या, आणि राजांनी भात वाढला, वरण वाढले, आणि तीन पट्ट्या वाढल्या, आणि स्वतः उभे राहिले. रेजिनाबाईंनी ताटाकडे पाहिले. "आईचं लाल असायचं." "हो." "हे पिवळं का?" "हळद लागली." त्यांनी एक पट्टी मोडली, खाल्ली. दुसरी खाल्ली. मग म्हणाल्या, "बाबा, मीठ जरा कमी आहे." हे ऐकून राजे खुर्चीवर बसले आणि हसू लागले, आणि हसणे थांबेना, इतके की रेजिनाबाई घाबरल्या आणि पाण्याचा पेला पुढे केला. "काय झालं?" "काही नाही. कमी आहे ना? बरं आहे. कमी आहे तेच बरं आहे." मग रेजिनाबाईंनी तिसरी पट्टी हातात धरून विचारले, "मावशी फोनवर कुठल्या सूनबाईला तीन पाण्यांतून काढायला सांगत होती? तिच्या एकुलत्या पोराचं, पीटरचं, अजून लग्न ठरत नाहीये." राजे म्हणाले, "मी सांगतो ते. आधी जेव." "मला कळलंय, बाबा. तिथंच कळलं. मी घाईनं यायला निघाले होते, मावशीनं दोन चहा जास्त पाजले." आणि त्याही हसल्या, आणि हसता हसता त्यांनी पदराने डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "आईसारखं नाही झालं." राजे म्हणाले, "नाही झालं." "पण मला अजून दोन वाढा." आणि राजांनी वाढल्या, आणि स्वतःही घेतल्या, आणि वर्षभरात प्रथमच भात दुसऱ्यांदा वाढून घेतला. जाताना रेजिनाबाई उंबऱ्यात म्हणाल्या, "राहा इथंच. आणि शनिवारी फोनवर काय रांधलं ते सांगायचं. पाव सांगितलात तर येईन मी." राजे म्हणाले, "ये. पोर्क करीन."

एकूण हकीकत इतकी. मोहीम फत्ते झाली, परंतु जशी ठरली होती तैशी नाही. राज्य राजांचे राजांकडे राहिले, रोज दोन वेळा चूल पेटते, आणि संध्याकाळी कबरीवर आता पाण्याबरोबर काय रांधले तेही सांगितले जाते. लाल रंगाची नवी डबी आणली आहे आणि पुढील सणास पुन्हा करून पाहणार आहेत. गॅसचे पुस्तक अद्याप इशाबेल यांच्या नावे आहे, ते बदलून घ्यावयाचे राहिले आहे.