गजाभाऊंचा गारवा

गजाभाऊ तरे कुणाच्याही घरी गेले की आधी भिंतीला गाल लावायचे. नमस्कार नंतर, पाणी नंतर. चपला काढायच्या, तडक पश्चिमेची भिंत गाठायची, डोळे मिटायचे आणि भिंतीच्या पोटात नाडी चालू असल्यासारखा गाल टेकवायचा. घरातली माणसं श्वास रोखून उभी. मग डोळे उघडून निकाल यायचा, "ताप हाय." पाठोपाठ छपराच्या पत्र्याकडे बोट. "आनि तो दारानं न्हाय आला. वरून आलाय. ऊन पाहुन्यासारखं येत न्हाय, चोरासारखं येतं."

आमच्या आळीतली झाडून सारी घरं त्यांनी अशी तपासली होती. एकदा पुतण्यासाठी मुलगी बघायला गेले. बाकीचे मुलीला नाव, गाव, स्वयंपाक विचारत होते आणि हा गृहस्थ कोपऱ्यात भिंतीला चिकटलेला. मुलीच्या बापाला वाटलं, पाहुण्यांना चक्कर आली. त्याने कांदा फोडून आणला. बाहेर पडल्यावर भावाने विचारलं, "कशी वाटली?" तर म्हणाले, "पोरगी बेस हाय. पन उन्हाळ्यात माहेरी धाडू नका. घराला ताप हाय."

त्यांचं तरी काय चुकलं म्हणा. सत्तर-पंचाहत्तरचा काळ, भिवंडीतली यंत्रमागांच्या शेडच्या मधे कोंबलेली आमची पत्र्याच्या घरांची रांग. ऊन वरून आणि खाडीची वाफ खालून, मधे आम्ही मोदकासारखे. छपरावर कावळा बसला तर एका पायावर बसायचा, तो पाय भाजला की दुसरा टेकवायचा. आमच्या सौभाग्यवतीने, म्हणजे सुमनने, पत्र्यावर वाळत घातलेले पापड खाली यायचे ते भाजूनच. आणि दमटपणा असा की सकाळी दोरीवर टाकलेला पंचा संध्याकाळी जास्त ओला व्हायचा. मी यात तिखटमीठ लावतोय असं ज्याला वाटेल त्याने वैशाखात एक दुपार तिथे काढावी. मीठ घामातून फुकट मिळेल.

गजाभाऊ कशेळीकडच्या बर्फाच्या कारखान्यात फिटर होते. दिवसभर लाद्यांच्या गारव्यात काम करायचे आणि संध्याकाळी भट्टीत परतायचे. पण त्यांचं खरं दुखणं वेगळं होतं. त्यांची बायको, आमच्या गुलाबवहिनी, होळी पेटली की दुसऱ्या दिवशीच्या एसटीने दिघाशीला माहेरी जायच्या, त्या पाऊस पडल्यावरच परत. तिथे कारवीच्या कुडाचं शेणाने लिंपलेलं घर, वर गवताचं छप्पर, मागे आंब्याची झाडं. "मना न्हाय पत्र्याखाली भुजायची हौस," असं ठणकावून सांगून त्या पिशवी उचलायच्या. मूलबाळ नव्हतं. मागे राहायचे गजाभाऊ आणि त्यांचा करपलेला भात. त्यांची आणि आमची भिंत एकच. रात्री पलीकडून आवाज यायचा, "आज कमी जळला बरं का!" हे ते मला सांगायचे की स्वतःला, कोण जाणे.

एका वर्षी त्यांनी पानाच्या टपरीवर जाहीर केलं, "घर असं थंड करतो की यंदा गुलाब जानार न्हाय."

शेजारच्या शेडमधले जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, इस्माईलचाचा तिथेच उभे होते. पानाची पिंक टाकून म्हणाले, "गजूभाई, घर ठंडा करने में भाभी गरम ना हो जाए."

पहिला प्रयोग भाताच्या पेंढ्याचा. गजाभाऊंनी अख्ख्या पत्र्यावर हातभर जाड पेंढा अंथरला, वर दोरखंड बांधले. घर खरोखर निवलं. पण बातमी शेळ्यांना कळली. भिवंडीतल्या शेळ्या एकमेकींना निरोप धाडतात हे मला तेव्हा समजलं. आधी आळीतल्या आल्या, मग मानकोलीपर्यंतच्या आल्या असाव्यात, कारण त्यांचं तोंड मी ओळखत नव्हतो. एक तर चढून वर गेली ती उतरेचना, तिथेच व्याली. चार दिवसांत पत्रा चाटूनपुसून लख्ख. गुलाबवहिनी दिघाशीला.

पुढच्या वर्षी मागावरच्या कापसाच्या वेस्टेजचा प्रयोग. पत्र्याखाली गोणपाटाचं छत शिवलं आणि मधल्या पोकळीत सुताचे बोळे ठासले. या खेपेला बातमी उंदरांना कळली. इतक्या मऊ गाद्या त्यांच्या सात पिढ्यांनी पाहिल्या नव्हत्या. होळी पेटायच्या आत वर बारशी सुरू झाली. रात्री छतावर अशी धावपळ चालायची की वहिनी म्हणाल्या, "वरच्यांचं भाडं घेता का नुसतेच ठेवलेत?" आणि एसटी पकडली.

तिसऱ्या वर्षी कारखान्यात नवीन शीतगृह उभं राहिलं आणि गजाभाऊंना साक्षात्कार झाला. मुंबईहून एका कंत्राटदाराची माणसं आली होती. दोन पिंपं, एकात काकवीसारखा काळपट रस, दुसऱ्यात एरंडेलासारखा पिवळट. दोन्ही एका मशीनमधून भिंतीवर उडवायचे. भिंतीवर बसताच त्याचा फेस व्हायचा, फुगायचा, आणि बघता बघता पावासारखा कडक. गजाभाऊ मान दुखेपर्यंत बघत राहिले. तो फेस उन्हाला आत शिरू देत नाही, हे कळल्यावर तर जेवणाची सुट्टी संपली तरी हलेनात. काम आटोपल्यावर पिंपांच्या तळाशी उरलेला माल टाकूनच देणार होते. गजाभाऊंनी तो मागून घेतला. कंत्राटदाराच्या माणसाने एवढंच बजावलं, "पत्रा सुका पाहिजे. एकदम सुका."

आता गजाभाऊंनी आयुष्यात भिंतींची पुष्कळ कामं केली होती. गिलावा असो की चुना, आपल्याकडे रीत एकच. आधी भिंतीला पाणी पाजायचं. कोरड्या भिंतीवर माल मारणारा गवंडी कुणी उभा करून घेतो का? गजाभाऊ मला म्हणाले, "मुंबईवाले आळशी. पानी मारायचा कंटाळा, म्हनून सुका सांगतात." आणि त्यांनी पत्र्याला आतून असं पाणी पाजलं की खाली वहिनींना छत्री उघडून डाळ निवडावी लागली.

मशीन नव्हतं, चुना मारायचा हातपंप होता. एकाने दांडा मारायचा, दुसऱ्याने नळी धरायची. दांड्यावर मी. शेजारधर्म म्हणून. दोन्ही रस बादलीत ओतले, गजाभाऊंनी काठीने ढवळले, आणि मी दांडा दाबला. पहिला फवारा सुरेख बसला. दुसऱ्याला पंपानेच प्राण सोडला, फेस त्याच्या पोटातच फुगून बसला. तोवर वरचा माल ओल्या पत्र्याला लागला होता. पाणी आणि तो रस यांचं जे काही वैर की प्रेम असेल ते एकदम उफाळून आलं. फेस फुगू लागला. फुगतच गेला. आधी दिव्याचा बल्ब गिळला. मग कांद्याचं शिंकं. मग भिंतीवरचं घड्याळ, ते आत जाताना टिकटिक करत होतं हे मी या कानांनी ऐकलं. डोळे चुरचुरायला लागले, आम्ही खोकत बाहेर धावलो. आमच्या मागोमाग खिडकीतून फेसाची जीभ बाहेर आली आणि तिथेच थिजली. बादलीतल्या उरल्या मालाने तर बादली, काठी आणि गजाभाऊंची टोपी असं एकत्र कुटुंब करून टाकलं.

गर्दी जमली. इस्माईलचाचांनी खिडकीतल्या जिभेवर टिचकी मारून पाहिली. "गजूभाई, ये छत डाली है या नानखटाई?"

वहिनी डाळ निवडायचं सूप घेऊन आमच्या ओट्यावर येऊन बसल्या. होळीला आठवडा होता. सगळ्यांना वाटलं, यंदा एसटीची वाट बघायच्या नाहीत, चालत जातील.

पण गजाभाऊ हटणारे नव्हते. रोज ड्युटीवरून आले की कोयता घेऊन फेस तासायचे. बल्ब सापडला, घड्याळ सापडलं, ते बंद पडलं होतं, पण कांदे ताजे निघाले. खिडकी मोकळी केली. छत उंचसखल झालं, वारुळासारखं. आणि मग होळीच्या आदल्या दुपारी त्यांनी मला आत नेलं. बाहेर अंगाची काहिली होत होती. आत पाऊल टाकलं आणि वाचकहो, थापा मारण्यात हयात गेली तरी हे शपथेवर सांगतो, देवळाच्या गाभाऱ्यात गेल्यासारखं वाटलं. शिवाय मागांची खडखड गायब. दार लावलं की भिवंडी पुसल्यासारखी.

होळीच्या दुसऱ्या दिवशी वहिनींनी छताकडे बघितलं. नवऱ्याच्या हातांकडे बघितलं, कोयत्याने सोलवटलेल्या. मग खांद्यावरची पिशवी खुंटीला टांगली. "ऱ्हाते," म्हणाल्या.

गजाभाऊंनी आळीभर पेढे वाटले. पाठोपाठ नियमही वाटले. दार उघडं टाकायचं नाही. आत यायचं तर झटकन यायचं, शीतगृहात शिरतात तसं, एकाने उघडायचं, दुसऱ्याने लागलीच लावायचं. कुणी उंबऱ्यात बोलत उभं राहिलं की आतून ओरड, "आत ये न्हायतर भाईर जा! गारवा चाललाय!" स्वयंपाकाची वाफ कोंडून छताला घाम फुटायला लागला, टपटप थेंब भाजीत पडायला लागले, तेव्हा त्यांनी स्टोव्ह मागच्या पडवीत हलवला. गारव्याला धक्का नाही. संध्याकाळी घरी येऊन आत बसलेल्या बायकोला विचारायचे, "कसं वाटतं?" वहिनी म्हणायच्या, "थंड." एवढ्या एका शब्दावर तो माणूस रात्रभर खूश. पलीकडून आता भाताच्या बातम्या येत नव्हत्या. तसं तर पलीकडून काहीच येत नव्हतं. फेसाने आमच्या सामाईक भिंतीचीही वाचा बसवली होती.

चैत्र संपता संपता सुमन मला म्हणाली, "एक सांगते, गजाभावजींना बोलू नका."

तिने सांगितलं ते असं. गजाभाऊ ड्युटीवर गेले की वहिनी दार ओढून घेऊन बाहेर पडायच्या आणि दिवसभर आमच्या ओट्यावर. तिथे सावलीचा पट्टा जेमतेम, ऊन सरकेल तशा त्याही सरकायच्या. घामाच्या धारा लागलेल्या, मानेवर घामोळं, आणि तोंड अखंड चालू. भाजीवालीशी, इस्माईलचाचांच्या सुनेशी, सुमनशी. सुमनने एकदा विचारलं, "अहो वहिनी, घरात एवढा गारवा, आणि इथे कशाला शिजता?"

"आत न्हाय करमत गं," वहिनी म्हणाल्या. "कानात दडे बसल्यागत होतं. कोन येत न्हाय, कोनाचा आवाज न्हाय. दिघाशीला दिवसभर मानसांची ये-जा असायची."

"मग भावजींना सांगा ना."

"येडी का? हात बघितलेस त्यांचे? त्यांना दिसलं पायजे मी आत हाय." आणि संध्याकाळ झाली की त्या लगबगीने घरात जायच्या, तोंड धुवायच्या, दार लावायच्या आणि गार होऊन बसायच्या. रोज.

माझ्या पोटात काही राहत नाही, हे आळीला ठाऊक होतं. तरी मी आठ दिवस कळ काढली. मग एका संध्याकाळी टपरीवरून परतताना गजाभाऊ वळणावर दिसले. सायकलवरून उतरलेले. सायकल हातात धरून उभे आणि घंटी वाजवतायत. पुढे रस्ता मोकळा. ना माणूस, ना कुत्रं. तरी यांची घंटी चालूच, ट्रिंग ट्रिंग, थांबायचं, पुन्हा ट्रिंग ट्रिंग.

"काय गजाभाऊ, वाट कुणाकडे मागताय?"

ते चमकले. आधी माझ्याकडे, मग आमच्या ओट्याकडे पाहिलं. तिकडे सूप उचलल्याची, दार लागल्याची गडबड उडाली होती. त्यांनी घंटीवरचा अंगठा काढला नाही.

"थांब जरा," हळूच म्हणाले. "तिला आत जाऊन बसू दे."