वाडगं आत की बाहेर

जगात जे काही घडतं ते एक तर आत घडतं, नाही तर बाहेर. तिसरी जागा नाही. मनुष्यजातीला हे फार उशिरा कळलं. आमच्या जालन्याच्या चित्रकथा मंडळाला मात्र पहिल्याच बैठकीत कळलं.

मोगलाईतली गोष्ट. बोलपट नुकतेच तंबूतून जालन्याला येऊ लागले होते. एका चित्र-कंपनीने कळवलं, की तुमच्या मुलखातली अस्सल कथा पाहिजे, पण नमुन्याबरहुकूम लिहिलेली. प्रत्येक प्रवेशाच्या डोक्यावर जागा, आत की बाहेर, दिवस की रात्र. संगीत कुठं सुरू, कुठं बंद. संवाद पानाच्या मधोमध, दोन्ही बाजूंना रुंद समास. आणि मागची आठवण दाखवायची तर तिला वेगळं शीर्षक. नमुना इतका देखणा, की नुसता तोच पाठवावा असं अध्यक्ष नरहर वकिलांचं मत पडलं. उपाध्यक्ष गिरिधरपंत (यांनी बोलपट पाहिला होता, मध्यंतरापर्यंत) म्हणाले, कथाही जोडलेली बरी. चिटणीस मी. कचेरीत पेशकार असल्यामुळे नमुन्याविषयी मला आधीपासूनच प्रेम.

कथा मिळाली जयवंताबाईंची. आष्टीकडची धनगरीण, घोंगड्या विकायला यायची. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती.

"फोटू न्हाई त्येंचा," ती म्हणाली. "आता तोंड बी इसरून राह्यले मी. शिनेमात एक डाव दिसले तर बगून घेते. दुसरं कायबी नको."

मोबदलाही नको, हे अध्यक्षांनी दोनदा विचारून पक्कं केलं.

पहिला प्रवेश मेंढरांच्या वाडग्यातला. वाडगं म्हणजे काट्याचं कुंपण. चारी बाजूंनी बंद, वर छप्पर नाही. मग ते आत की बाहेर? वकीलसाहेब म्हणाले, फाटक आहे त्याअर्थी आत. गिरिधरपंत म्हणाले, ऊन लागतं त्याअर्थी बाहेर. शब्दाने शब्द वाढला. शेवटी अख्खं मंडळ गावाबाहेरच्या एका वाडग्यात जाऊन बसलं. तिथं दोन्ही सन्माननीय सभासदांना गोचीड चावले, आणि गोचीड घरात चावतो की रानात, असा नवा मुद्दा उत्पन्न झाला. तो अजून विचाराधीन आहे.

या धांदलीत पात्रांच्या यादीत नुसतं 'नवरा' एवढंच राहिलं. बाई नाव घेईना (बायकांनी नवऱ्याचं नाव घेऊ नये, ही रीतच आहे), आणि दुसऱ्या कुणाला विचारायला आम्हाला फुरसत नव्हती.

मग संगीत. नवरा पावा वाजवून मेंढरं माघारी बोलवायचा. गिरिधरपंतांनी निवाडा दिला: शब्द नाहीत म्हणून हे गाणं नव्हे; माणूस समोर वाजवतोय म्हणून पार्श्वसंगीत नव्हे; ऐकून मेंढरं येतात, त्याअर्थी हा संवाद. संवाद म्हटला की मजकूर पाहिजे.

"पावा काय म्हणायचा, बाई?"

"या म्हनायचा. दुसरं काय म्हनंल?"

एवढ्याशा संवादाला समास शोभेना. पावा काढून पेटी घातली.

राहिली मागची आठवण. गिरिधरपंतांच्या बोलपटातली बाई खिडकीशी उभी राहून, लांब बघून आठवत होती. म्हणजे नियम झाला.

"मला तर भाकर थापतानीच येतेत वो ते," जयवंताबाई म्हणाली.

"घरात खिडकी आहे?"

"धूर जायला भोक हाये."

भोक म्हणजे खिडकी नव्हे, यावर मंडळाचं प्रथमच एकमत झालं. सबब आठवण नामंजूर. पण शीर्षक सुंदर अक्षरात लिहून झालेलं. ते वाया कसं घालवणार? म्हणून कथेत एक वकील घातला (खिडकीसकट), आणि आठवण त्याच्या नावे वर्ग केली.

कंपनीने समासांची तोंडभरून तारीफ करून कथा घेतली. चित्र निघालं आणि जालन्यातही आलं. संध्याकाळच्या खेळाला जयवंताबाई नवं लुगडं नेसून पार पुढं बसली. पडद्यावर वकिलाने खिडकीतून लांब पाहिलं, पेटी वाजली, आणि त्याचे हैद्राबादेतले कॉलेजचे दिवस आले. बाई पापणी हलवीना. चित्र संपलं.

"मंग? ते कवा येत्याल वो, पेशकारसाहेब?"

"संपलं, बाई."

ती उठली. कोऱ्या पडद्यापुढं गेली आणि गच्च भरलेल्या तंबूत, चारचौघांदेखत, नवऱ्याचं नाव घेऊन तिने हाक मारली. बायकांनी तोंडाला पदर लावले. मागून कोणी ओरडलं, "ए म्हातारे, बाजूला हो की!"

नेमकं काय नाव घेतलं, ते मला ऐकू आलं नाही. तंबूवाल्याने रेकॉर्ड लावली होती. माझ्या टिपणात एवढंच आहे: तंबू, आत, संगीत चालू.

नावाची चुटपुट तुम्हाला आत्ता लागली असेल, तर उगाच आमच्यावर डोळे वटारू नका. वाडगं आत की बाहेर, हे तुम्ही कधीच ठरवून मोकळे झाला होता.