मेश्राम काकांचं फुलपात्र आणि माझे चार टायर

आमच्या बिल्डिंगमध्ये कुणी नवी गाडी घेतली की पेढे खायला सगळे खाली येतात. मेश्राम काका पेढा घेत नाहीत. ते काठोकाठ पाणी भरलेलं स्टीलचं फुलपात्र घेऊन येतात, मागच्या सीटवर बसतात, फुलपात्राखाली ताटली धरतात आणि म्हणतात, "चला. नेहमीसारखी चालवा. माझ्याकडे बघू नका."

मग गाडी गेटमधून निघते, सदाशिव पेठेतल्या ठरलेल्या तीन गल्ल्यांमधून नऊ स्पीडब्रेकर ओलांडून परत येते. काका उतरतात. ताटलीत सांडलेलं पाणी खिशातल्या काचेच्या नळीत ओततात, नळी डोळ्यांसमोर धरतात आणि निकाल सांगतात. "बेचाळीस मिली. गाडी चांगली आहे. टायर बेकार आहेत." गाडीला अजून हार असतो. मालकाच्या सासूबाई हातात ओवाळणीचं तबक घेऊन उभ्या असतात. काकांना त्याचं काही नसतं. ते आकडा वहीत लिहितात आणि लिफ्टकडे चालू लागतात.

काका वजनमापे खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झाले. मूळचे भंडाऱ्याकडचे, पण नोकरी पुण्यात संपली आणि ते इथेच राहिले. बोलणं आता बरंचसं पुणेरी झालंय, मधूनच एखादा 'जी' तेवढा तिकडचा डोकावतो. पेठेतल्या जुन्या दुकानदारांचे हात ते दिसले की अजूनही काट्यापासून लांब जातात. घरी आलेला गॅसचा सिलिंडर ते स्वतःच्या काट्यावर चढवतात. डॉक्टरांनी सांगितलेली 'थोडी' साखर म्हणजे किती ग्रॅम, हे त्यांनी डॉक्टरांकडून लिहून आणलंय.

"मोजल्याशिवाय बोलू नये" हे त्यांचं रोजचं वाक्य. दुसरं एक वाक्य ते क्वचित बोलायचे. एकदा त्यांच्या हिरव्या स्कूटरला कुणीतरी गाडी घासली. शेजारचे म्हणाले, मी नाही. शेजाऱ्यांच्या बंपरवर हिरवा रंग लागलेला होता, तो आम्ही सगळ्यांनी काकांना बोटाने दाखवला. काका तिकडे वळलेसुद्धा नाहीत. "ते नाही म्हणाले ना? मग विषय संपला. माल मोजायचा, माणूस नाही." आम्ही या वाक्यावर बरेच दिवस हसलो.

आणखीही पुष्कळ हसलो. सोसायटीच्या ग्रुपवर त्यांचं 'फुलपात्र' हे नाव मी ठेवलं. मागच्या सीटवर ताटली धरून बसलेल्या काकांचा फोटोही मीच टाकला होता. हे सगळं मी मजेत सांगतोय असं वाटेल, पण मला त्याची लाज वाटते. आणि ती सगळ्यात लहान लाज आहे. मोठी पुढे आहे.

माझी गाडी विजेवर चालणारी, उंच, अठरा इंची चाकांची. अशा गाड्या टायर लवकर खातात हे घेताना मला कुणी सांगितलं नव्हतं. रोज सदाशिव पेठ ते खराडी आणि परत, असं करता करता टायरची नक्षी पुसट झाली. मी पार्किंगमध्ये सहज म्हणालो, "काका, टायर बदलायला झालेत."

मेश्राम काकांच्या चेहऱ्यावर मी इतका आनंद त्याआधी पाहिला नव्हता. त्यांच्याकडे स्वतःची गाडी नाही, कधीच नव्हती. तरी पुढचे तीन आठवडे ते स्कूटरवरून शहरातली टायरची दुकानं पालथी घालत होते. दुकानात आलेल्या अनोळखी गिऱ्हाइकाला गोड बोलून, फुलपात्र घेऊन त्याच्या गाडीत बसत होते. मग एका रविवारी त्यांनी आलेखाच्या कागदावर काढलेला तक्ता माझ्या डायनिंग टेबलावर पसरला. सात टायर, आणि प्रत्येकापुढे आवाज, वजन पेलण्याची ताकद, ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारं अंतर आणि शेवटी लाल शाईत सांडलेलं पाणी.

"हल्ली चाक परातीएवढं आणि रबर पापडाएवढं," ते म्हणाले. "दिसायला छान. पण खड्डा सोसायचा कुणी? आत बसलेल्या माणसानेच ना? त्यात तुमची गाडी बॅटरीमुळे जड. म्हणून दुकानदार कडक टायर गळ्यात मारतात. आणि इंजिन नाही, म्हणून टायरचा घरघराट सगळा कानात. हा घ्या, चौथा. वजन पेलतो, तरी मऊ आहे. तुमच्यासारख्याच गाडीत बसून बघितला. बारा मिली."

"बारा म्हणजे चांगलं का?"

"पंधराच्या आत पाहिजे."

पंधराच का, हे मी विचारलं नाही. बायको, मेधा, स्वयंपाकघरातून मला खुणा करत होती की जेवायची वेळ झाली.

मी दुकानात गेलो. चौथ्या नंबरचा टायर मागवावा लागणार होता, दहा दिवस. आम्हाला शनिवारी महाबळेश्वरला जायचं होतं. दुकानदार म्हणाला, "साहेब, हा घ्या ना, कंपनी तीच, नक्षी जवळजवळ तीच. मोठ्या गाड्यांना सगळे हाच टाकतात. आत्ता बसवून देतो." काकांच्या तक्त्यात तो सहावा होता. मी अर्ध्या तासात चारही बसवून बाहेर पडलो.

पार्किंगमध्ये काका उभेच होते. "बसवले का जी?"

"हो काका. तुम्ही सांगितलेलेच."

इतकं सहज निघालं तोंडातून. तीन आठवडे उन्हात फिरलेल्या माणसाला 'नाही' म्हणायचं जिवावर आलं, असं मी मेधाला सांगितलं. खरं म्हणजे मला पुढचं अर्ध्या तासाचं बोलणं टाळायचं होतं.

काका खूश झाले. त्यांनी खाली वाकून बघितलं नाही. टायरवरची अक्षरं वाचली असती तर दोन सेकंदांत कळलं असतं. फक्त म्हणाले, "सवडीने एक फेरी मारू." ती सवड मी येऊ दिली नाही. ते खाली यायच्या आत निघायला लागलो. एकदा तर त्यांना फुलपात्र घेऊन लिफ्टमधून उतरताना पाहिलं आणि फोन कानाला लावून, कुणीही नसलेल्या फोनवर बोलत, गाडी बाहेर काढली. संध्याकाळी भेटले की ते नेहमीचं विचारायचे, "खराडीचा रस्ता आज कसा होता? पुलाच्या उतारावरचा खड्डा बुजवला का?" रिकाम्या माणसाच्या चौकशा, असं मला वाटायचं.

मग एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात काका, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले. हातात फुलपात्र नव्हतं.

"सावंत, आज खराडीला सोडाल का? मी नाही, आम्ही दोघं."

मेश्राम काकू आजारी असतात एवढं आम्हा सगळ्यांना माहीत होतं. काय आजार, हे दोन वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. दारातच उभं राहून काकांनी सांगितलं, गॅसच्या सिलिंडरचं वजन सांगावं तसं. मणक्याचं ऑपरेशन झालं. धक्का सोसत नाही. एकदा टॅक्सीने नेलं तर दीड महिना पाठ टेकवता येईना. काकूंची एकच बहीण, खराडीला राहते, तिला लकवा झालाय, तीही हलू शकत नाही. दोघी एकाच शहरात, आणि दोन वर्षं फोनवरच. "आणि उद्या भाचा तिला हैदराबादला नेतोय. कायमचं."

"घरात व्हीलचेअरवरून तिला फिरवतो," काका म्हणाले, "तिच्या मांडीवर फुलपात्र ठेवून मोजलं. दोन उंबरे ओलांडले की पंधरा मिली सांडतं. तेवढं तिला सोसतं. म्हणून पंधरा. कुणाला सांगितलं नाही, कारण लोक चौकशीला येतात आणि मग तिला उठून बसावं लागतं."

मी म्हणालो, "काका, आधी एक फेरी मारून बघायची का?" माझ्यात तेवढाच धीर होता.

"आता मोजायला वेळ नाही. तुम्ही सांगितलंत ना, तेच टायर आहेत. तेवढं पुरे."

तेवढ्यात लिफ्टचं दार उघडलं. काकू कमरेला पट्टा बांधून, वॉकर धरून उभ्या होत्या. मोरपंखी साडी. वॉकरला एक पिशवी अडकवलेली, तिच्यात बहिणीसाठी सांभारवड्यांचा, म्हणजे त्यांच्याकडच्या कोथिंबिरीच्या वड्यांचा, डबा. त्या माझ्याकडे बघून हसल्या. मी किल्ली घेतली.

सांगितलं तर जाणं रद्द होईल आणि बहिणी भेटणार नाहीत, म्हणून मी गप्प बसलो, असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगितलं. ते खरं नाही. त्या साडीसमोर खोटारडा ठरायची मला लाज वाटली. काकूंच्या पाठीपेक्षा मला माझी अब्रू महत्त्वाची वाटली.

मी आयुष्यात इतकी हळू गाडी चालवली नव्हती. मागून हॉर्न वाजत होते. एक रिक्षावाला शेजारी येऊन म्हणाला, "साहेब, ढकलू का?" प्रत्येक स्पीडब्रेकरला मी थांबत होतो आणि तरीही ते कडक टायर धक्का जसाच्या तसा आत पोचवत होते. आरशात मला काका दिसत होते. एक हात काकूंच्या पाठीमागे, आणि दुसऱ्या हाताचा पंजा मांडीवर तसाच गोल, फुलपात्र धरल्यासारखा. "दुखतंय?" ते विचारायचे. "नाही हो, छान आहे गाडी," काकू म्हणायच्या. त्यांच्या कपाळावर घाम होता.

बहिणी भेटल्या. बहिणीचं बोलणं मला एक अक्षर कळत नव्हतं, काकूंना सगळं कळत होतं. थोडा वेळ दोघी रडल्या आणि मग सांभारवडीत तिखट कमी पडलंय यावर तासभर भांडल्या. काका दारापाशी स्टुलावर बसून ते भांडण इतक्या समाधानाने ऐकत होते की मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहिलो.

परत आल्यावर काकूंना गाडीतून सरळ उठता येईना. तीन आठवडे झाले तरी त्या अंथरुणावरच होत्या. डॉक्टर घरी येऊन जायचे. मी रोज ठरवायचो, आज सांगू, आणि रोज ऑफिसला पळायचो.

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या पोटेंनी मोठ्या चाकांची नवी गाडी आणली. ते पार्किंगमध्ये काकांना म्हणाले, "या की, फुलपात्र घेऊन." मी माझ्या गाडीच्या पलीकडे उभा होतो. काका म्हणाले, "मला विचारू नका पोटे. माझं माप चुकतं. घरातच चुकलो." आणि जिन्याने वर गेले. लिफ्ट खालीच होती.

त्या दिवशी मी ऑफिसला गेलो नाही. त्यांच्या मागोमाग वर गेलो आणि दारातच सगळं सांगितलं. टायर सहावा होता. मी खोटं बोललो. फोनवर कुणीही नव्हतं.

काकांनी दार पूर्ण उघडलं. मग म्हणाले, "म्हणजे तक्ता बरोबर होता?"

"हो काका."

ते खुर्चीत बसले. टेबलावरची वही उघडली, बोट सहाव्या ओळीवर ठेवलं. "अडतीस," ते हळू म्हणाले. "अडतीस मिलीवर नेलं मी तिला."

आतून काकूंचा आवाज आला. "सावंतांना आत पाठवा."

त्या भिंतीकडे तोंड करून कुशीवर झोपल्या होत्या. उशाशी तेच फुलपात्र, त्यावर त्यांचंच नाव कोरलेलं. इतक्या वेळा त्याचा फोटो काढूनही ते नाव मी वाचलं नव्हतं. मान न वळवता त्या म्हणाल्या, "मला पहिल्याच स्पीडब्रेकरला कळलं होतं. मी बोलले असते तर यांनी गाडी वळवली असती. बहीण भेटली, पाठीचं मला काही नाही. पण तीन आठवडे हे स्वतःचं माप खोटं समजत होते. ते तुम्ही बरं नाही केलंत."

मी नुसतंच "चुकलं काकू" म्हणालो. त्यांनी काकांना चहा टाकायला सांगितलं. काकांनी तो मोजून दोन कप केला आणि मी तो त्यांच्यासमोर बसून प्यायलो. त्या चहाइतकी लाज मला कशाचीच वाटलेली नाही.

त्याच दिवशी मी चौथ्या नंबरचे टायर मागवले, ते दहा दिवसांनी आले. बसवून आणल्यावर मी काकांना फोन केला. दुसऱ्या दिवशी सकाळी ते खाली आले. हातात ताटली, ताटलीवर काठोकाठ फुलपात्र. मी मागचं दार उघडून धरलं. ते बसले नाहीत. फुलपात्र त्यांनी ताटलीसकट माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यावर हात टेकत, कण्हत, गाडीशेजारी खाली बसले. टायरवर बोट फिरवत एकेक अक्षर वाचलं. मग उठून दुसऱ्या टायरकडे गेले, मग तिसऱ्या, मग चौथ्या. मी फुलपात्र धरून उभा होतो. पाणी ताटलीत सांडत होतं.

शेवटी ते उठले, गुडघे झटकले आणि फुलपात्रात बघितलं.

"पुन्हा भरून आणतो," ते म्हणाले, आणि लिफ्टकडे गेले.