दमाजी अस्वलाचं नाक

एका जंगलात गॅस आला, बाळांनो. म्हणजे लाल सिलिंडर आले, शेगड्या आल्या, नारिंगी नळ्या आल्या. त्याआधी तिथले सगळे कच्चंच खात आणि सुखानं ढेकर देत. पण सिंहमहाराजांनी ठरवलं, की प्रगती करायची. महाराजांनी ठरवल्यावर प्रगती होतेच. न होऊन सांगते कोणाला?

सिलिंडर आले खरे, पण वापरायचे कसे? हरणं त्यांना लांबूनच नमस्कार करत. रानडुकरांनी आपला सिलिंडर आडवा पाडला आणि त्याला टेकून पत्ते कुटायला बसली.

तेव्हा दमाजी अस्वल पुढे झाला. दमाजी तरुणपणी शहरातल्या सर्कशीत होता. तिथे त्याचा पिंजरा स्वयंपाकाच्या तंबूला लागून होता. एवढ्या शिक्षणावर तो गॅसतज्ज्ञ झाला. हसू नका. याहून कमी शिक्षणावर लोक तुम्हाला गोष्टी सांगायला बसतात.

दमाजीचं व्याख्यान मात्र चोख असे.

"सिलिंडर उभा ठेवा. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो. नळीला चिरा पडल्या की नळी बदला. वास आला तर काडी ओढू नका, दिव्याचं बटण दाबू नका. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा आणि बाहेर पडा."

शेवटी तो आपल्या नाकावर पंजा ठेवी आणि म्हणे, "आणि वासाची शंका आली, तर हे नाक आहेच!"

टाळ्या पडत. साळोबा साळिंदर तर इतका हलून जाई, की शेजारी बसणाऱ्यांना टोचे.

हे व्याख्यान दमाजी घरी तालमीला म्हणून बायकोसमोर म्हणे. गोपिकाबाई भांडी घासत ऐकत. ऐकून ऐकून त्यांचं ते पाठ झालं होतं. "अहो, आपल्याच नळीला चिरा पडल्यात," असं त्या अधूनमधून सांगत. दमाजी म्हणे, "अगं, साऱ्या जंगलाच्या नळ्या माझ्या डोक्यावर आहेत. आपली काय, सवडीनं बदलू."

एकदा दमाजीला सर्दी झाली. नाक असं चोंदलं, की मधाचा आणि चिखलाचा वास एकच. पण हे कोणाला सांगणार? ज्या नाकावर नाव, तेच नाक बंद! त्यानं आवाज जड करून बोलायला सुरुवात केली. लोकांना वाटलं, विद्वत्ता वाढली.

त्याच सर्दीत, सकाळच्या वेळी, गोपिकाबाई स्वयंपाकघराच्या दारात थबकल्या.

"अहो, वास येतोय. गॅसचा."

दमाजीनं हुंगलं. काहीच नाही. 'सर्दी झालीय' एवढे दोन शब्द बोलायचे होते. ते ओठांपर्यंत आले आणि मग त्याला ओसरीवर साळोबा दिसला. तो सल्ला विचारायला येऊन बसला होता.

"फणस असेल," दमाजी म्हणाला.

"फणस घरात नाही."

"मग शेजारचा असेल. अगं, वास मला कळतो की तुला?"

गोपिकाबाईंनी रेग्युलेटर बंद केला. खिडक्या उघडल्या, मागचं दार उघडलं. मग काहीतरी उचलून घेतलं आणि जाता जाता हाक मारली, "बाहेर या!"

बाहेर? समोर बिबटे राहतात. गॅसतज्ज्ञ घरातून पळाला, असं सगळ्या रानात झालं असतं. दमाजी ओसरीवर साळोबाला समजावत बसला. अशा वेळी घाबरू कसं नये, हे तो चांगलं तासभर समजावू शकला असता. पण साळोबा हळूच म्हणाला, "मास्तर, मलाही येतोय हो वास."

आता मात्र अब्रूचा प्रश्न आला. "चला, गॅस नाहीच, दाखवतो!" असं म्हणून दमाजी तरातरा आत गेला, ओट्याखाली वाकला, आणि बाळांनो, त्यानं काडी ओढली.

हवा खेळती झाली होती म्हणून घर वाचलं. पण ओट्याखालच्या कोपऱ्यात थोडा गॅस साठून होता. जड असतो ना, म्हणून. भप्पकन जाळ झाला आणि विझला. दमाजीच्या भुवया गेल्या, मिशा गेल्या, तोंडावरचे सगळे केस गेले. उरलं ते नाक. उघडं, लाल आणि अजून बंदच.

साळोबा केव्हाच पळाला होता.

धूर निवळला तेव्हा दमाजीला ओट्याखाली गोधडी दिसली. काठ जळालेली, अजून धुमसणारी. तिथे उबेला रोज त्याची तान्ही लेक छकुली निजायची.

भुईवर बसून त्यानं गोधडी उलटीसुलटी केली.

"बाहेर आहे ती," दारातून गोपिकाबाई म्हणाल्या. "मी आधीच नेली. तुम्हीच नाही का सांगत, गॅस खाली साठतो म्हणून?"

दमाजी लहान पिलासारखा रडला. आणि चमत्कार असा, की रडता रडता त्याचं नाक मोकळं झालं. जळक्या अस्वलाचा वास त्याला स्वच्छ आला.

दुसऱ्या दिवशी वडाखाली सभा भरली. दमाजी भादरलेल्या तोंडानं उभा राहिला आणि त्यानं खरं ते सांगितलं. "मला सर्दी होती. वास येत नव्हता. कबूल करायची लाज वाटली. मला सगळं ठाऊक होतं, फक्त मी ते ऐकलं नाही. आमच्या हिनं ऐकलं, म्हणून आमची छकुली आहे. आता हीच बोलेल."

आणि तो छकुलीला मांडीवर घेऊन श्रोत्यांत बसला.

गोपिकाबाई उभ्या राहिल्या. "वास आला तर गॅस बंद करा, खिडक्या उघडा, बाहेर पडा. मी आज नवी नळी लावली आणि जोडावर साबणाचा फेस लावून पाहिला. बुडबुडे आले तर गळती आहे, असं समजायचं. आले नाहीत. संपलं." त्या खाली बसल्या.

सभा हिरमुसली. "एवढंच?" रानडुकरं म्हणाली. "अभ्यास कमी पडतो बाईंचा," साळोबा म्हणाला. मग कोल्हा उभा राहिला. सभांचं सारं तोच बघे. त्यानं जाहीर केलं, "दमाजीरावांसारखा प्रत्यक्ष अनुभव या जंगलात कोणाला आहे? पुढचं व्याख्यान त्यांचंच. काडी ओढून दाखवण्यासह!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. दमाजीनं दोन्ही पंजांनी छकुलीचे कान झाकले.

तात्पर्य: गॅसचा वास आला, तर घरातल्या तज्ज्ञाला प्रथम बाहेर काढावे. खिडक्या त्यानंतर उघडल्या तरी चालतील.