शुद्ध नाताळ

एका जंगलात, बाळांनो, नाताळ सगळ्यांना आवडायचा आणि सगळेच त्याच्यावर कुरकुरायचे. रानडुक्कर म्हणायचं, "हल्ली पूर्वीची मजा नाही राहिली." हे ते पिल्लू असल्यापासून म्हणत होतं. माकडीण म्हणायची, "करंज्या करून हात मोडले माझे," आणि आणखी एक घाणा तळायला घ्यायची.

तरी दरवर्षी चांदण्या लागायच्या, गाणी व्हायची, केक करपायचा. बरं चाललं होतं.

मग इनासराव आले. इनासराव म्हणजे बाहेरगावी शिकायला गेलेलं उदमांजर. त्यांनी परंपरांच्या उगमाचा अभ्यास केला होता. चष्मा लागला होता, म्हणजे अभ्यास खरा असणार.

त्यांनी सभा बोलावली. दारात सजवायची फांदी उचलून त्यांनी विचारलं, "ही कुठली?"

"वडामागची," माकडीण म्हणाली.

"मूळची कुठली, ते विचारतोय. झाड सजवणं आलं बर्फाच्या मुलखातून. आपल्याकडे बर्फ पडतो? केक साहेबाचा. करंज्या दिवाळीच्या. चांदणी म्हणजे टोकं लावलेला आकाशकंदील. आणि तारीखसुद्धा कुठल्याशा जुन्या सूर्यपूजेवरून घेतली, असं काही विद्वान म्हणतात."

"कोण विद्वान?"

"मी, उदाहरणार्थ."

सगळ्यांना फार लाज वाटली. इतकी वर्षं आपण उसन्या करंज्या खात होतो! लगेच ठराव झाला. यंदा नाताळ शुद्ध करायचा. जे बाहेरून आलं ते बंद.

ठरावाला एकच जण आलं नव्हतं. जंगलाच्या टोकाला राहणारी मार्थामावशी. म्हातारं साळिंदर, एकटं. इनासराव तिच्याकडे गेले, तेव्हा ती शिडीवर चढून चांदणी बांधत होती.

"मावशी, ठराव झालाय."

"झाला? बरं झालं. जरा शिडी धर, इनास."

"पण ही चांदणी का लावायची, ठाऊक आहे तुम्हाला?"

"आई लावायची."

"आई का लावायची?"

"तिची आई लावायची."

"हे उत्तर नाही, मावशी. ही नुसती रांग आहे."

"मग रांगेत उभा राहा. शिडी हलतेय."

इनासराव हात मागे बांधून परत गेले.

नाताळची संध्याकाळ झाली. सगळे वडाखाली जमले. दिवा नाही, गाणं नाही, तोंडात टाकायला काही नाही. फारच शुद्ध वाटत होतं.

"आता काय करायचं?" रानडुकरानं विचारलं.

इनासरावांनी टिपणं चाळली. "बसायचं."

ते बसले. धुकं उतरलं. थोड्या वेळानं धुक्यातून दोन भेकरं आली, नवरा-बायको. नवऱ्याचं नाव सांतान, बायकोचं कोंसू. कोंसूला चालवत नव्हतं.

"कुठं जागा मिळेल का?" सांताननं विचारलं. "हिचे दिवस भरलेत."

"आधी कुठून आलात ते सांगा," इनासराव म्हणाले.

"डोंगरापलीकडून. तिकडची झाडं तोडली सगळी."

सगळे इनासरावांच्या टिपणांकडे बघू लागले. शेवटी रानडुक्कर हळूच म्हणालं, "म्हणजे बाहेरचे."

"परवा या ना," इनासराव जरा ओशाळून म्हणाले. "परवा ठरावाची मुदत संपते."

कोंसूचे दिवस काही ठरावाला विचारून भरले नव्हते. ती दोघं पुढं निघाली. रानभर अंधार. फक्त टोकाला धुक्यात काहीतरी मिणमिणत होतं. ती तिकडे चालत राहिली.

मार्थामावशीनं दार उघडलं. कुठून आलात, हे तिनं विचारलं नाही. "जेवलात का?" एवढंच विचारलं. मग कोंसूकडे पाहिलं आणि चुलीवर पाणी चढवलं.

पहाटे कोंसूला मुलगी झाली. बातमी कुणी सांगितली, देव जाणे. सकाळी आधी माकडीण आली, करंज्यांचा डबा घेऊन. "चुकून झाल्या," ती म्हणाली. मग रानडुक्कर मऊ गवत घेऊन आलं. ते कोपऱ्यात ठेवून खाली मान घालून उभं राहिलं.

सगळ्यांत शेवटी इनासराव आले, वही घेऊन.

"मावशी, संशोधनाच्या दृष्टीनं हे फार मोलाचं आहे. दारी आलेल्या परक्या बाळंतिणीला घरात घ्यायच्या प्रथेचा उगम नेमका..."

"वही ठेव आणि ओढ्यावरून पाणी आण," मावशी म्हणाली.

इनासरावांनी पाणी आणलं. मग पुन्हा आणलं. तिसऱ्या खेपेला ते काहीतरी गुणगुणत होते. कुठल्या मुलखातलं, ते विचारायची कुणाला हिंमत झाली नाही. तेवढ्यात पिल्लू लटपटत उभं राहिलं, पडलं, पुन्हा उभं राहिलं. इनासरावांनी चष्मा काढून पुसला. धुक्यामुळे असेल. कोंसूला म्हणाले, "काल मी परवा या म्हणालो होतो, ताई." कोंसू म्हणाली, "आम्हाला थांबता आलं नाही, दादा."

भेकरं तिथंच राहिली. आणि पुढच्या वर्षी, बाळांनो, जंगलानं नवा ठराव केला. नाताळला प्रत्येक घरी दमूनभागून आलेलं एक परकं गर्भार भेकर हवंच! गणपतीपासूनच शोधाशोध सुरू झाली. भेकरं पुरेनात. रानडुकरानं तर एका सशावर भागवलं. तो गर्भार नव्हता, पण दमलेला होता.

तात्पर्य: शहाण्यानं परंपरेचा उगम लांबूनच अभ्यासावा. अगदी जवळ गेलं, तर तिथं कुणीतरी काम करत असतं आणि आपल्याला पाणी आणायला पाठवतं.