विलायतेच्या भावाचं सुतक

भिकाजी परब यांचं नाव आधी घेते. भांडुपच्या आपल्या दीड खोलीत त्यांनी मला ठेवून घेतलं नसतं तर मी आज कुठं असते, देव जाणे. त्यांच्या बायकोच्या माहेरची आणि माझ्या आईची जुनी ओळख, एवढ्या धाग्यावर मी चंदगडहून ट्रंक घेऊन त्यांच्या दारात उभी राहिले होते. सातवीत शाळा सुटलेली, वय एकोणीस, आणि अंधेरीच्या एका कारखान्यात तारेची वेटोळी गुंडाळायचं काम लागलेलं. पहिले तीन महिने मी ट्रंकेतले कपडे बाहेर काढले नाहीत. कधी जा म्हणतील, नेम काय. काकांनी कधी म्हटलं नाही. हे मानानं सांगून झालं. आता त्यांची टिंगल करायला मी मोकळी.

दर रविवारी सकाळी नऊ वाजता परबकाका आंघोळ करून, पंचा नेसून, रेकॉर्ड प्लेअरसमोर पाट मांडून बसायचे आणि एका विलायती बँडला शिव्या घालायचे. गाणं चालू असतानाच. एखादा सूर लांबला की म्हणायचे, "ओरड, ओरड. घर मोडलंस, आता ओरड." बाजू संपली की रेकॉर्ड काकीच्या जुन्या लुगड्याच्या मऊ तुकड्यानं पुसायचे, तान्ह्या पोराचं अंग पुसावं तसं, आणि उलटी करून पुन्हा लावायचे. चाळीतली पोरं दारात येऊन कमरा हलवायला लागली की त्यांना हाकलायचे. "नाचाचा नाय. हय शिव्यांचो कार्यक्रम आसा."

बँडचं नाव मी लिहीत नाही, कारण काकांनी ते कधी घेतलं नाही. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळतात तसं ते टाळायचे. 'ते चौघे' एवढंच. आमच्या कारखान्यातले सुपरवायझर डिमेलोसाहेब सांगायचे की एके काळी त्या चौघांना बघून पोरी बेशुद्ध पडायच्या, आणि ते फुटले तेव्हा साहेब स्वतः दोन दिवस जेवले नव्हते. काकांच्या दृष्टीनं ही सगळी भाऊबंदकी होती. चौघांची आडनावं वेगळी, आयाबाप वेगळे, हे त्यांना मी सांगून बघितलं. काका म्हणाले, एका घरात राहिले, एका ताटात जेवले, मग भाऊच. त्यांनी चौघांना नाती वाटून दिली होती. दाढीवाला तो थोरला, चष्मेवाला मधला, गोड आवाजाचा तो धाकटा. ढोल वाजवणारा मागाहून आलेला, म्हणून तो जावई.

काकांना इंग्रजीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांचा सगळा अभ्यास रेकॉर्डच्या कव्हरांवरचा. घरातली सहा कव्हरं ओळीनं जमिनीवर मांडून ते मला त्या घराण्याचा इतिहास शिकवायचे. "ह्या बघ. पयल्या कव्हरार खांद्यार हात. दुसऱ्यात हात खाली इलो. ह्याच्यात तर मधी माणूस जायत इतकी जागा. हयसरच चूल येगळी झाली." मी मान डोलवायची. त्या घरात मान डोलवणं हेच माझं भाडं होतं. चूल वेगळी का झाली, याचंही उत्तर तयार होतं. धाकटा सासरवाडीला जाऊन राहिला. हे कुठल्या कव्हरवर दिसतं ते मला काही सापडलं नाही. पण काका धाकट्याच्या आवाजावर पाट सोडून उठायचे, खिडकीशी जायचे, आणि तिथून त्याला जास्तीच्या दोन शिव्या हासडायचे.

चौघांनी समेट करावा म्हणून त्यांनी माझ्याकडून एक पत्रसुद्धा लिहून घेतलं होतं. साष्टांग नमस्कार थोरल्याला, बाकीच्यांना आशीर्वाद. मजकूर असा की माणसाचं आयुष्य किती, आईबापाच्या माघारी भावांनीच एकमेकांना धरायचं असतं, तरी धाकट्यानं नमतं घ्यावं आणि थोरल्यानं त्याला पोटाशी धरावं. रेकॉर्डच्या मागच्या बाजूला कंपनीचा पत्ता होता, तो मी एकेक अक्षर बघून चित्रासारखा उतरवला. उत्तर आलं नाही. काका म्हणाले, माजलेत.

हे सगळं मी दोन वर्षं मुकाट्यानं ऐकलं. मग कळलं की ह्या गृहस्थांना स्वतःला एक सख्खा धाकटा भाऊ आहे, तो खारदांड्याला राहतो, आणि हे अकरा वर्षं त्याच्याशी बोलत नाहीत.

भावाचं नाव अनंत. तरुणपणी बोटीवर आचारी होता. प्लेअर आणि रेकॉर्डी त्यानंच परदेशातून आणलेल्या. त्या वेळी दोघे भाऊ जोडीनं ऐकत बसायचे, असं काकी सांगते. पुढं अनंतानं दांड्याच्या एका कोळ्याच्या मुलीशी लग्न केलं आणि तिच्याच घरी राहायला गेला. परबांचा मुलगा घरजावई झाला. काकांनी गावाहून दोन वडीलधारी माणसं बोलावून वाटणी मागितली. गिरणीत पाळी करणाऱ्या माणसाच्या घरात वाटायला होतं काय? चार भांडी, एक पलंग आणि रेकॉर्डी. पंच कोकणातले. एकाच आंब्याच्या फांद्या दोघा भावांत वाटून देणारी माणसं. त्यांनी रेकॉर्डींची मोजणी केली, तर अकरा भरल्या. पाच पाच झाल्या आणि एक उरली. ती जाड होती, आत दोन तबकड्या. पंच खूश झाले. एक तबकडी थोरल्याला, एक धाकट्याला. कव्हर थोरल्याला, आतला गाण्यांचा कागद धाकट्याला. प्लेअर थोरल्याला, कारण तो थोरला. म्हणजे काकांकडे अर्धी कहाणी आणि यंत्र, आणि अनंतकाकांकडे उरलेली अर्धी कहाणी, जिचं ताटासारखं भिंतीला टेकवून ठेवण्याखेरीज काही करता येत नाही. असा न्याय मी कुठं ऐकला नव्हता.

एकदा धीर करून मी म्हटलं, काका, त्या चौघांना तुम्ही पत्र पाठवता, मग खारला एक पाठवू या का. कव्हर पुसता पुसता ते थांबले.

"ता येगळा," म्हणाले.

मी लगेच भांडी घासायला गेले. त्या दिवशी मी ट्रंकेकडे दोनदा बघितलं.

मग एका शुक्रवारी डिमेलोसाहेब उतरल्या चेहऱ्यानं कारखान्यात आले आणि म्हणाले, रेडिओवर सांगितलं, तो गेला. कोण, तर त्या चौघांतला गोड आवाजाचा, काकांचा धाकटा. साहेबांना रडायला जागा होती, मला नव्हती. ही बातमी घरी कशी न्यायची? सांगितली तर काका माझ्यावर उखडणार, नाही सांगितली तर लपवली म्हणून उखडणार. घरी पोचल्यावर मी काकीच्या कानात सांगितलं. काकी तांदूळ निवडत होती. म्हणाली, तू आणलीस, तूच सांग.

काका चहा पीत होते. मी सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, अंगावरच्या सदऱ्यासकट मोरीत गेले आणि डोक्यावर एक बादली ओतून घेतली. ओलेत्यानं बाहेर येऊन म्हणाले की आजपासून घरात सुतक.

चाळीला दहा दिवसांची करमणूक मिळाली. परबांच्या घरात कोण गेलं, असं कुणी विचारलं की दुसरा सांगायचा, विलायतेचा भाऊ. काकांनी दाढी सोडली, देवाला हात लावेनात, माशाला शिवेनात. काकी म्हणाली, मेल्याला आपलं नावही ठाऊक नाही. शनिवारी खालच्या मजल्यावर सत्यनारायण होता. काका बोलावल्याप्रमाणे गेले, पण उंबऱ्याबाहेर उभे राहिले आणि तीर्थप्रसाद नको म्हणाले. भटजींनी सुतकाची चौकशी केली. मयत कोण, किती पिढ्यांचं नातं, गोत्र कुठलं.

"गोत्र म्हायत नाय," काका म्हणाले. "पण इतकी वर्सां दर रविवारी घरात येय होतो."

आतल्या बायका पदर तोंडात धरून हसल्या. मीही हसले. खोटं कशाला बोलू?

रविवारी प्लेअर लागला नाही. नऊ वाजले, साडेनऊ झाले. काका दुपारपर्यंत खोलीत येरझाऱ्या घालत राहिले. मग म्हणाले, "सुतक एकट्यान धरूचा नसता. भावकीक सांगूक व्हया." काकी हातातलं काम टाकून त्यांच्याकडे बघत राहिली. मग उठली, बिनफोडणीची डाळ आणि भात केला, डब्यात भरला आणि माझ्या हातात दिला. दाराशी तिनं मला हळूच सांगितलं की वाटणीच्या दिवशी काकांनी पंचांसमोर शपथ घेतली होती. भावाच्या दारात पाऊल ठेवीन ते घरातल्या मयताची खबर द्यायलाच.

आम्ही दोघं निघालो. गाडीत काका एकच वाक्य घोकत होते. मी सांगूक इलंय, बसूक नाय. मी सांगूक इलंय, बसूक नाय. मला म्हणाले, मी चुकलो तर खोकायचं. खारला उतरून दांड्यापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंना बोंबील वाळत घातलेले. ह्या माणसाला बोंबलाशिवाय घास उतरत नाही, आणि आज सुतक पाळायचं म्हणून नाकाला रुमाल लावून चालला होता. मला हसू आवरेना. मग रुमालाआडून तेच घोकलेलं वाक्य पुन्हा ऐकू आलं. आत घेतलंच नाही तर? अकरा वर्षं झाली. दार लावून घेतलं, तर हा माणूस भांडुपला परत जाऊन कुणाला शिव्या घालणार होता?

घर सापडलं. ओट्यावर काकांचाच चेहरा, पण पाच-सहा वर्षांनी लहान, असा एक माणूस उघड्या अंगानं बसला होता. दाढी वाढलेली, केस ओले. दुपारचे चार वाजले होते. अनंतकाकांची बायको दारात आली आणि कुणी विचारायच्या आत सांगायला लागली की शुक्रवारपासून ह्यांनी मासळी तोंडात घातली नाही, कोळ्याच्या घरात हे काय दिसतं का, शेजारी विचारतात, आणि आज तिसऱ्या दिवसाची म्हणून आताच विहिरीवर आंघोळ करून आले.

काका उभेच होते. घोकलेलं सगळं विसरले. मी खोकले.

"धाकटो गेलो," ते म्हणाले.

"कळला," अनंतकाका म्हणाले.

"सांगूचा काम माझा. मी थोरलो."

"म्हायत आसा. वाट बघी होतंय."

अनंतकाका ओट्यावर थोडे सरकले. काका त्या रिकाम्या जागेवर बसले. मी डबा उघडला, त्यांच्या बायकोनं एक ताट आणलं. एकच. दोघे भाऊ त्यातून ती अळणी डाळ आणि भात खाऊ लागले, खाली मान घालून, एकमेकांकडे न बघता. बरंच जेवून झाल्यावर अनंतकाकांनी माझ्याकडे मान वळवून विचारलं, ही कोण.

"रेशनकार्डार तुझा चेडू आसा," काका म्हणाले.

चेडू म्हणजे मुलगी, मग मी अनंतकाकांची मुलगी कशी? मग उलगडा झाला. माझं नाव कार्डावर चढवताना नात्याच्या रकान्यात काकांनी पुतणी असं लिहून घेतलं होतं. मी म्हटलं होतं, काहीतरी लिहायचं म्हणून लिहिलं असेल. पण पुतणी व्हायची तर भाऊ लागतो. ज्या भावाचं नाव घरात काढायची बंदी होती, त्याला ह्या माणसानं सरकारी कागदावर बाप करून ठेवला होता. अनंतकाकांनी मला शांतपणे न्याहाळलं आणि शिक्षण किती म्हणून विचारलं. मी घाबरत सातवी म्हटलं. "बरा," ते म्हणाले, "आमच्यापेक्षा दोन जास्ती." पोटचं मूल दोघांपैकी एकालाही नाही, हे मला तेव्हा आठवलं.

आम्ही दिवस मावळायच्या आत निघालो. काकांनी पुन्हा ये म्हटलं नाही, अनंतकाकांनीही म्हटलं नाही. स्टेशनच्या रस्त्यावर काका पुढं पुढं चालत होते. एकदम थांबले. माझ्याकडे पाठ करूनच बोलले.

"अकरा वर्सां मी कोणाच्या तरी मरणाची वाट बघी होतंय गो. जवळचा कोण मरूक नको, आणि कोण मेल्याबिगर माका जावक येय ना."

मी रिकामा डबा ह्या हातातून त्या हातात घेतला.

ह्याला आता वर्ष होऊन गेलं. मधे एकही मयत झालेलं नाही, देवाची कृपा, म्हणून दोघांची भेटही नाही. काका रविवारी पूर्वीसारखे बसतात. धाकट्याला मात्र शिव्या देत नाहीत, त्याचा वाटा मधल्याला देतात. गावाकडून आईचं पत्र आलंय, माझ्यासाठी स्थळ बघतायत. मला धास्ती वाटते. कुठं पडेन, कशी माणसं मिळतील. पण एक गोष्ट मी मनाशी पक्की केली आहे. माझं लग्न जेव्हा होईल, जिथं होईल, तेव्हा पहिली अक्षत भांडुपला आणि दुसरी खारदांड्याला. पत्रिकेवर दोघांची नावं शेजारी शेजारी छापून घेईन, आणि मांडवात दोघांना एकाच सतरंजीवर बसवीन. ती शपथ मयताची होती, लग्नाबद्दल तिच्यात काही म्हटलेलं नाही. काका, तुम्ही मला छप्पर दिलंत. मी तुम्हाला कुणी मेल्याशिवाय भावाला भेटायचं एक निमित्त देईन. थोडं थांबा.